कोळशांतील पाणी

हिवाळा लागला म्हणजे जळगांवकडील शेतांत भरिताचे बेत सुरू होतात. हिरवीं, भरदार वांगीं मांडून त्यांवर कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ करितात. पऱ्हाटी वाळलेली असली तर ती कडकड आवाज करीत पेटते आणि थोड्याच वेळांत वांगें आंतपर्यंत शिजतें. तीच ओली असली तर आधीं धूर, मग फेंस, मग सूं सूं आवाज, आणि जाळ मात्र सर्वांच्या शेवटीं. काडींतील पाणी वाफ होऊन गेल्याशिवाय आंच वांग्याला लागत नाहीं. विस्तवाची पहिली मिळकत पाणीच खाऊन टाकतें.

हा अनुभव घरोघरचा आहे. परंतु पोलादाच्या कारखान्यांनाहि नेमका हाच प्रश्न सोडवावा लागतो, आणि तेथें तो कोट्यवधि रुपयांचा होऊन बसतो.

भुसावळ जंक्शनवरून जाणाऱ्या कोळशाच्या वाघिणी खानदेशांतील लहानथोरांनीं पाहिलेल्या आहेत. जवळच दीपनगरच्या वीजकेंद्रांत कोळसा पिठासारखा दळून बॉयलरमध्यें जाळतात. त्या कोळशानें उष्णता द्यावी, एवढीच तेथें अपेक्षा असते. पोलादाच्या कारखान्यांतील कोळशाकडून याहून अधिक अपेक्षा असते. झोतभट्टींत लोहखनिज, चुनखडी आणि इंधन यांचे थर एकावर एक रचलेले असतात. तेथील इंधनानें उष्णता द्यावयाची, खनिजांतील प्राणवायु काढून घ्यावयाचा, आणि शिवाय वरचा सारा भार न चुरडतां तोलून धरावयाचा. हें काम साधा दगडी कोळसा करूं शकत नाहीं. त्याला कोकच पाहिजे.

कोक म्हणजे हवा लागूं न देतां भाजलेला कोळसा. कोकभट्टींत चिरेबंदी भिंतींच्या उंच, लांब, पण जेमतेम हातभर रुंद अशा कोठड्या ओळीनें बांधलेल्या असतात. दोन कोठड्यांमधील भिंतींत वायु जळत असतो व त्याची आंच आंतील कोळशाला लागते. सुमारें ३५० ते ५०० अंशांच्या दरम्यान विशिष्ट जातीचा कोळसा मऊ होतो, फुगतो आणि एकजीव होतो. पुढें १,००० अंशांपर्यंत तापल्यावर तो सच्छिद्र पण टणक असा कोक बनतो. या सर्वांस सोळा-अठरा तास लागतात. चंद्रपूर-वणीकडील कोळशांत असा एकजीव होण्याचा गुण नाहीं. तो झारखंडांतील झरियाच्या खाणींत आहे; परंतु तेथील कोळशांत राख फार, म्हणून तो धुवून घ्यावा लागतो. उरलेली मोठी गरज भारताला आस्ट्रेलियासारख्या देशांकडून भागवावी लागते. रायगड जिल्ह्यांतील डोलवीच्या पोलाद कारखान्यापर्यंत कोळसा धरमतरच्या खाडींतून येतो. इतक्या दुरून, इतक्या मोलानें आणलेल्या मालांत पाणी किती, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाहीं.

हें पाणी येतें कोठून? कांहीं खाणींतूनच येतें, कांहीं धुण्यामुळें येतें, कांहीं धूळ उडूं नये म्हणून शिंपडलेलें असतें, आणि उघड्यावरील ढिगांवर पावसाळा तर आपला वांटा घालतोच. खानदेशांत पाऊस बेताचा. कोंकणांत तो महिनोन् महिने कोसळतो. भट्टींत जाणाऱ्या कोळशांत शेंकडा ८ ते १० भाग पाणी असणें ही नेहमीची गोष्ट आहे.

आतां हिशेब पाहूं गेल्यास शेंकडा १० म्हणजे एक टन कोळशांत १०० किलो पाणी. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास ७० किलोकॅलरी लागतात. पण त्याच पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारें ५४० लागतात. म्हणजे टनामागें ६१,००० किलोकॅलरी निव्वळ पाणी उडविण्यांत गेल्या. एका कोठडींत ३० टन कोळसा भरला असेल, तर या एका कामासाठीं घरगुती गॅसचे सुमारें बारा सिलिंडर रिकामे होतील. अशा कोठड्या एका कारखान्यांत शंभरांवर असूं शकतात, आणि त्या रात्रंदिवस चालतात.

नुकसान एवढ्यावरच थांबत नाहीं. भिंतीलगतचा कोळसा तापून लाल होतो, तरी मधला कोळसा पाणी असेपर्यंत १०० अंशांच्या आसपासच तासन् तास अडकून राहतो. त्यामुळें भट्टीचा वेळ जातो. ओले कण एकमेकांस धरून बसतात, मध्यें पोकळी राहते, कोळसा दाट भरत नाहीं आणि कोक कमी बळकट होतो. शिवाय निघालेली वाफ पुढें थंड होऊन जें पाणी बनतें, त्यांत अमोनिया, फिनॉल यांसारखीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. तें शुद्ध केल्यावांचून नदीनाल्यांत सोडणें म्हणजे गांवाच्या पाण्यांत विष कालविणें होय.

यावरील उपाय कोणत्याहि सुगरणीस ठाऊक आहे. बिबड्या उन्हांत खडखडीत वाळवूनच डब्यांत भरतात. ओल्या कोणी तळावयास घेत नाहीं. ऊन फुकटचें, तेंच पाणी कढईंत उडवावयाचें तर तेल व इंधन दोन्ही खर्ची पडणार. कारखान्याचें फुकटचें ऊन म्हणजे धुराड्यांतून वायां जाणारी उष्णता. जपानांत ओइता येथील पोलाद कारखान्यानें १९८३ सालीं या तत्त्वावर कोळसा वाळविण्याची योजना चालू केली. भट्टींतील वायां जाणाऱ्या उष्णतेनें तेल तापवावयाचें, आणि त्या तेलाच्या आंचेनें कोळशांतील पाणी शेंकडा ५-६ पर्यंत उतरवावयाचें, अशी ती रीत होती. पुढें वाफेवर चालणारे फिरते वाळवण-पिंप आले, तसेंच भट्टीच्या धुरानेंच कोळसा उचलून वाळविणारीं यंत्रेंहि आलीं.

मग सारेंच पाणी कां काढूं नये? येथेंच खरी मेख आहे. फार वाळलेला कोळसा भरतांना धूळ होऊन उडतो, नळांत जाऊन बसतो, भिंतींवर काजळीचे थर धरतो आणि कामगारांच्या छातींतहि शिरतो. म्हणून जपान्यांनीं १९९२ सालीं पाणी शेंकडा २ पर्यंत उतरविलें, तेव्हां बारीक भुकटी निराळी काढून तिच्या गोळ्या करण्याची सोय आधीं केली. उलट, जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यांत कोळसा ठोकून ठोकून त्याची वडी करितात व ती वडीच भट्टींत सारतात. त्यामुळें हलक्या प्रतीचा कोळसाहि कांहीं अंशीं उपयोगी पडतो. या वडीला शेंकडा १० च्या आसपास ओल लागतेच. लाडवाला तुपाचा हात कमी पडला तर लाडू वळत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. तेथें पाणी घालविण्यापेक्षां तें रोजच्या रोज एकसारखें राखणें, उन्हाळा-पावसाळा त्यांत फरक पडूं न देणें, हेंच कौशल्य ठरतें. आणि त्यासाठीं ढिगावर छप्पर घालणें, खालून निचरा करणें व प्रत्येक पाळींत पाणी मोजणें हे साधे उपायहि मोलाचे ठरतात.

दगडी कोळसा वापरणारा लोहार भात्यापुढील आगीच्या कडेकडेनें पाणी शिंपडतो. पाहणाऱ्यास वाटतें, हा आपलीच आग विझवितो आहे. पण त्यामुळें आग सैरावैरा पसरत नाहीं व आंच मध्यभागीं एकवटते. जेथें लोखंड ठेवावयाचें, तेथें मात्र तो पाण्याचा एक थेंबहि पडूं देत नाहीं. पाणी कोठें असावें, किती असावें आणि तें कोणाच्या खर्चानें घालवावें, एवढें ज्याला कळलें त्याला अर्धी भट्टी साधली.