घरातल्या शाळेचे दशक

गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, त्याला २०२६ मध्ये शंभर वर्षे होतात. लहान मूल हातापायांनी शिकते, हा या संघाचा पाया. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, १९५७ मध्ये कोसबाडला. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मॉन्टेसरीच्या महागड्या साधनांची जागा तिथे शंखशिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. हे होमस्कूलिंग नव्हते. तरीही महाराष्ट्रातल्या होमस्कूलिंगमध्ये जे चांगले दिसते, ते बरेचसे याच कुळातले आहे.

मधल्या काळाबद्दल फारसे सांगण्याजोगे नाही. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय सुरू झाले आणि शाळेत न जाता परीक्षेला बसण्याची सोय वाढली. शहरांत बालवाडीची नर्सरी झाली आणि चार वर्षांच्या मुलाला गृहपाठ मिळू लागला.

खरे वळण २०१० नंतरचे. १ एप्रिल २०१० रोजी शिक्षणहक्क कायदा लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे त्यात पालकांचे कर्तव्य ठरले. घरी शिकवण्याचा उल्लेखच नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईत ज्या मोजक्या कुटुंबांनी मूल घरी ठेवले, त्यांना आपण कायद्यात बसतो की नाही, याचे खात्रीचे उत्तर मिळेना. यातली कित्येक मुले केवळ चळवळी होती. मूल एका जागी बसत नाही, ही तक्रार शाळांनी दोष म्हणून मांडली, नातेवाइकांनी आईच्या लाडांवर ढकलली. चाळीस मिनिटांची तासिका पाच वर्षांच्या शरीराला झेपते का, हे मात्र क्वचितच कोणी तपासले. हा अन्याय होता आणि त्याची भरपाई झालेली नाही.

त्या दशकात घरांनी एक गोष्ट अनुभवाने शोधली : आधी शरीर, मग पाटी. सकाळी झाडावर चढणे, सायकल, कळशीने कुंड्यांना पाणी. नंतर कणीक मळणे, मटार सोलणे, धान्य निवडणे. यानंतर दहा-पंधरा मिनिटे अक्षरे किंवा बेरीज, आणि पुन्हा मोकळीक. काम खरे असावे लागते. लुटुपुटीच्या भातुकलीत न रमणारे मूल खऱ्या पोळपाटावर अर्धा तास टिकते, कारण त्याची वेडीवाकडी पोळी घरातले कोणीतरी खाणार असते. पीठ सांडते, काम दुप्पट वेळ घेते. तेवढा वेळ घराने द्यावा लागतो.

कृतज्ञता याच कामांतून आली. स्वतः पेरलेली मेथी उगवण्याची वाट पाहिलेले मूल ताटातली भाजी टाकताना थबकते. स्वतः केर काढणाऱ्याला कचरा नेणाऱ्या मावशींचे कष्ट कळतात. पाण्याचा तांब्या तो आपणहून पुढे करतो. मराठी घरात यासाठी जुनी जागा आहेच : पोळ्याला बैल, दसऱ्याला अवजारे, लक्ष्मीपूजनाला केरसुणी. या घरांतल्या मुलांनी दसऱ्याला आपली सायकल आणि कात्री पुसून पूजेत ठेवली. जेवणाआधीच्या श्लोकाला त्यामुळे अर्थ आला. एका व्यक्तीबद्दलची कृतज्ञता मात्र राहून गेली. मुलाचा असा दिवस उभा करणारी बहुतेक ठिकाणी आईच होती. तिची सुटलेली नोकरी आणि विश्रांतीविना गेलेली दुपार कौतुकाच्या लेखांत आली नाही.

२०१६ मध्ये दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नसलेल्या, घरी शिकलेल्या मुंबईच्या मुलीला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. तिचे यश निर्विवाद. पण त्यानंतर लोक होमस्कूलिंगकडे परदेशी प्रवेशाची वाट म्हणून पाहू लागले आणि साध्या दिवसांची चर्चा मागे पडली.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पडद्यासमोर बसवण्यालाच घरचे शिक्षण म्हटले गेले. शाळा उघडल्या, पण पडद्याची सवय घरांत राहिली. आता होमस्कूलिंगच्या नावाने ऑनलाइन तासिका आणि ‘अॅक्टिव्हिटी’चे खोके विकत मिळतात. कृतज्ञतेचाही छापील तक्ता आला आहे : रोज तीन गोष्टी लिहा आणि तारा चिकटवा. ज्या मुलाने दिवसभर कोणाला मदत केली नाही, त्याने लिहिलेल्या त्या तीन ओळी पोकळच राहतात.

शिक्षणहक्क कायद्यात घरी शिकण्याबद्दल स्पष्ट कलम यायला हवे. नोंदणी असावी, मूल सुरक्षित आहे आणि शिकते आहे याची वर्षातून एकदा पाहणी असावी, आणि पाहणाऱ्याने वहीइतकेच मुलाच्या हातचे कामही पाहावे.