पाऊण तासाचा प्रवास, एका दिवसाचे अंतर

प्रशांत महासागरातील सामोआ या स्वतंत्र देशाच्या फालेओलो विमानतळापासून शेजारच्या अमेरिकन सामोआतील पागो पागो विमानतळाचे हवाई अंतर सुमारे 150 किलोमीटर, म्हणजे पुणे-मुंबई रस्त्याएवढे. पंख्याचे लहान विमान ते पाऊण तासाच्या आसपास पार करते. मात्र शनिवारी सकाळी निघालेला प्रवासी पागो पागोला उतरतो, तेव्हा तेथे शुक्रवारची सकाळ असते. दोन्हीकडची घड्याळे एकच वेळ दाखवितात. फरक पुरत्या 24 तासांचा, कारण या बेटांमधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते.

या भागात ही रेषा व्यापारानेच इकडून तिकडे हलविली. 1892 मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांच्या आग्रहामुळे सामोआने अमेरिकेचा वार स्वीकारला आणि त्या वर्षी तेथे 4 जुलै दोनदा उजाडला. पुढे शतकभरात व्यवहाराची दिशा पालटली. माल, पर्यटक आणि परदेशी गेलेल्या आप्तांनी धाडलेला पैसा ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडकडून येऊ लागला. सामोआत शुक्रवारी दुकान उघडावे, तर ऑकलंडमध्ये शनिवारची सुटी. सामोआतील मंडळी रविवारी चर्चमध्ये असावीत, तर सिडनीत सोमवारचे व्यवहार सुरू. आठवड्यातील कामाचे दोन दिवस असे वाया जात. पेढी चालविणाऱ्यास हा तोटा निराळा समजावून सांगावा लागत नाही.

अखेर 2011 मध्ये 29 डिसेंबरचा गुरुवार संपताच थेट 31 डिसेंबरचा शनिवार सुरू करण्यात आला. न उगवलेल्या त्या शुक्रवारचे पूर्ण वेतन कामगारांना द्यावे, असे शासनाने बजावले. न झालेल्या कामाचा पगार मालकांच्या वहीत खर्ची पडला! याच शासनाने 2009 मध्ये वाहने उजवीऐवजी डावीकडून चालविण्याचा नियम केला होता, तोही त्याच दोन देशांतील स्वस्त मोटारी आणता याव्यात म्हणून. अमेरिकन सामोआ हा अमेरिकेचा प्रदेश असल्याने जुन्या वारावरच राहिला.

व्यापाराचा प्रश्न एका रात्रीत सुटला, धर्माचरणाचा मात्र सुटला नाही. शनिवार पवित्र मानणाऱ्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाने सामोआत जुनी गणना कायम ठेवली. त्यामुळे त्यांचा उपासनेचा दिवस नव्या रविवारी येऊ लागला. काहींना ते मान्य झाले नाही. ते नव्या शनिवारीच उपासना करू लागले आणि एका श्रद्धेच्या लोकांत दोन तट पडले. संवत्सरी चतुर्थीची की पंचमीची, हा वाद जाणणाऱ्या जैन घरांना ही वेदना परकी वाटू नये. भेद इतकाच की पंचांगातील क्षय तिथी चंद्र-सूर्याच्या गतीने ठरते. सामोआचा शुक्रवार कायद्याने गेला.

दोन्ही बेटांवर नातीगोती असल्याने ये-जा सतत चालू असते. तेथे जाणाऱ्या नवख्याने मात्र परतीचा हिशेब नीट करावा. पागो पागोहून शुक्रवारी सायंकाळी निघणारा फालेओलोला शनिवारी सायंकाळी पोहोचतो. त्याने तेथील खोली शुक्रवारसाठी राखली, तर ती रात्रभर रिकामी राहते आणि भाडे चुकत नाही.