घरातलं विज्ञान : आधण आलं, आता आच मंद करा

पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या परिसरात तूर पिकते आणि वरण रोजचंच. आधण खळखळल्यावरही गॅस मोठा ठेवला, तर डाळ लवकर शिजते का?

नाही. उघड्या पातेल्यात पाणी साधारण १०० अंश सेल्सिअसला उकळतं. पुढे आच कितीही वाढवली, तरी ते त्याहून तापत नाही. काठोकाठ भरलेल्या रांजणात ओतलेलं पाणी बाहेर सांडावं, तशी जास्तीची उष्णता वाफेवाटे निघून जाते. हे सांडणं महाग पडतं. बर्फासारखं गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता तेवढ्याच पाण्याची वाफ करण्यात खर्च होते.

म्हणून उकळी आली की झाकण ठेवावं, आच मंद करावी. कुकरमध्ये तर कोंडलेल्या वाफेने दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या आसपास तापतं आणि डाळ झटपट शिजते. शिट्टीनंतर गॅस बारीक केला, तरी तो दाब टिकतो.

डाळ अर्धा तास भिजवल्यास पाणी आधीच आत मुरतं आणि शिजायला वेळ कमी लागतो. १४.२ किलोचा सिलिंडर जास्त दिवस पुरवायला एवढ्या सवयी पुरेशा आहेत. त्यासाठी नवं काही विकत घ्यावं लागत नाही.