शेवरी की खुळखुळा? शेळ्यांना घालण्याआधी चार फोटो



मागच्या आठवड्यात एका सभासदाने पिवळ्या फुलाचा फोटो पाठवला. "ही शेवरीच ना? शेळ्यांना घालू का?" फोटोत फक्त फूल होतं. तेवढ्यावरून मला सांगता आलं नाही. देवगाव परिसरात बांधाला पिवळ्या फुलांची तीन झुडपं हमखास दिसतात. तिन्ही शेंगवर्गीय, पण एक विषारी.

*१) शेवरी:* फूल तुरीसारखं. वर मोठी पाकळी, बाजूला दोन पंख, खाली होडी. मोठ्या पाकळीच्या पाठीवर जांभळट ठिपके. पान चिंचेसारखं, बारीक पानांच्या जोड्यांचं. शेंग लांब, दोरीसारखी बारीक. चारा चांगला, पण कोरड्या चाऱ्यात मिसळून द्या.

*२) खुळखुळा (घागरी):* फूल तसंच तुरीसारखं, इथेच फसगत होते. पण पान बहुधा साधं, एकेकटं. शेंग फुगीर, वाळली की खुळखुळ वाजते. *जनावरांना घालू नका.* यातलं विष, बियांत जास्त, यकृत खराब करतं. लक्षणं कधी कधी काही आठवड्यांनी दिसतात, आणि खात्रीचा उतारा नाही. आपला ताग याच वंशातला आहे. तो फुलोऱ्यात जमिनीत गाडा, शेंगा धरलेला ताग चारू नका.

*३) तरवड:* फूल उघडं, पाच सुट्या पाकळ्यांचं, होडी नाही. पानाच्या बुडाशी कानासारखी दोन छोटी पानं. शेंग चपटी, कागदासारखी.

म्हणजे नुसत्या फुलावर जाऊ नका. *फूल, पान आणि शेंग तिन्ही जुळली तरच नाव पक्कं.* जुने चित्रकारही असंच करायचे. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत १८४७ ते १८५० च्या सुमारास डॉ. गिब्सन यांनी भारतीय चित्रकाराकडून झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या बागेत जपून ठेवली आहेत. झाड वाळून गेलं तरी चित्रावरून ओळखता येतं.

आपल्याकडे मोबाईल आहे. शंका आली की हे *चार फोटो* पाठवा:
✅ पूर्ण झाड
✅ फांदीसकट पान
✅ फूल समोरून व बाजूने
✅ शेंग, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून

उत्तर येईपर्यंत तो चारा बाजूला ठेवा. जनावराने खुळखुळा खाल्लाच असेल तर चारा बंद करून लगेच पशुवैद्यकांना बोलवा आणि झाडाची फांदी दाखवा.

– आपला कृषी सल्लागार