टवका बेस गिटारचा, काम घरचं

रात्री कार्यक्रम संपल्यावर घाईघाईत सामान छोट्या हत्तीत चढवलं जातं. सकाळी उजेडात पाहावं तर बेस गिटारच्या खालच्या कडेचा रंगाचा टवका उडालेला. खामगाव, मलकापूर, चिखली या पट्ट्यात नवरात्रात आणि लग्नसराईत वाजवणाऱ्या कोणालाही हे नवं नाही. त्यात बेस साध्या गिटारपेक्षा लांब. त्याच्या तारेची मोजली जाणारी लांबी साधारण ३४ इंच, तर इलेक्ट्रिक गिटारची साडेपंचवीसच्या आसपास. दारातून काढताना, स्टँडवर ठेवताना लागतो तो आधी बेसच.

एक दिलासा आधीच द्यायला हवा. टवक्याने आवाज बिघडत नाही. भरीव लाकडाच्या बेसचा आवाज पोलादी तारा आणि त्यांच्याखालचे चुंबकीय पिकअप घडवतात. कडेचा नखाएवढा रंग गेला तर त्यांना काही फरक पडत नाही. तरीही टवका तसाच सोडू नये. त्याची कड सुटत जाते, पोपडे वाढतात, उघड्या लाकडात घाम मुरतो आणि वाजवताना मनगटाला ती धार सतत टोचते. एवढ्याशा कामासाठी बुलढाण्याहून पुण्या-मुंबईला वाद्य पाठवणं परवडत नाही. हे काम घरी होऊ शकतं, आणि चांगलं होऊ शकतं.

मात्र ब्रश हातात घेण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळायला हवं: वरचा थर विरघळणारा आहे की न विरघळणारा?

मिरजेच्या तंबोऱ्यांवरून हा फरक चांगला समजतो. १९व्या शतकाच्या मध्यावर तिथल्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी शस्त्रांना धार लावणारे हात तंतुवाद्यांकडे वळवले आणि तो व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या रुजला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या वाद्यांवर पारंपरिक पॉलिश असतं ते स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं. ओरखडा पडला की कारागीर त्यावर नवा हात फिरवतो, स्पिरिटने जुनी लाख किंचित सैल होते आणि नवा थर जुन्यात मिसळून जातो. जोड दिसत नाही.

इलेक्ट्रिक बेसची सुरुवातही अशाच विरघळणाऱ्या रंगाने झाली. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्या काळात त्यांच्या कारखान्यातल्या वाद्यांवर नायट्रोसेल्युलोज लॅकर मारलं जाई. या जातीचं ‘ड्यूको’ हे ड्यूपॉन्ट कंपनीचं लॅकर १९२०च्या दशकात मोटारींसाठी आलं आणि आठवडे खाणारं मोटार रंगवण्याचं काम त्याने कितीतरी झटपट केलं. पुढे फेंडरने रंगही थेट मोटारींचेच घेतले. ‘फिएस्टा रेड’ फोर्डचा, ‘लेक प्लॅसिड ब्लू’ कॅडिलॅकचा. आपल्याकडे फर्निचरवाले आजही ‘ड्यूको मारून देतो’ म्हणतात, त्यातलं नाव तेच.

१९६०च्या दशकाच्या अखेरीपासून पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचे जाड, कडक थर आले. आज परवडणाऱ्या किमतीतल्या बहुतेक बेसवर हेच असतात. ते एकदा घट्ट झाले की थिनरलाही दाद देत नाहीत, आणि मार लागला की काचेसारखा टवका उडतो. यांच्यावर नवा रंग कितीही मारला तरी तो मिसळत नाही, नुसता वर बसतो.

ओळखायचं कसं? मागची झाकणपट्टी काढून आतल्या, न दिसणाऱ्या रंगावर कानकोरणीच्या कापसाने ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर किंचित लावावं. जागा चिकट झाली तर लॅकर. काहीच झालं नाही तर पॉलि. प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र थेंबही पडू देऊ नये, ते वितळू शकतात.

पॉलिचा टवका भरायला लागतं ते गल्लीतल्या दुकानात मिळतं. पातळ इन्स्टंट ग्लू, टूथपिक, मास्किंग टेप, दाढीचं ब्लेड, ८००पासून २०००पर्यंतचे वॉटर पेपर आणि मोटारीचं रबिंग कंपाउंड. उडालेला तुकडा सापडला असेल तर तोच परत चिकटवावा, त्याच्याइतका रंग दुसरा कुठलाच जुळणार नाही. नाही सापडला तर आधी सुटलेल्या कडेवर ग्लूचा थेंब टेकवावा, तो आपोआप फटीत ओढला जातो. मग रंग. मोटारीचा टच-अप किंवा नेलपॉलिश चालतं. काळा आणि पांढरा सोपे. चमकीचे रंग क्वचितच जुळतात. रंगाचा हात पातळ द्यावा आणि खड्ड्याच्या काठाच्या खालीच थांबावं, कारण वर पारदर्शक थर यायचा आहे.

आता ग्लू, एकेक थेंब. प्रत्येक थेंब पुरता सुकू द्यायचा आणि शेवटी जागा सभोवतीपेक्षा केसभर उंच ठेवायची. एक दिवस थांबावं. मग ब्लेडच्या दोन्ही टोकांना टेप गुंडाळून मधला उघडा भाग फक्त त्या उंचवट्यावर ओढायचा. टेपच्या जाडीमुळे आजूबाजूच्या रंगाला ब्लेड लागत नाही. ही युक्ती हाताला बसली की अर्धं काम झालं. नंतर खोडरबरावर गुंडाळलेला ओला पेपर, खरखरीतून मऊकडे, आणि अखेर कंपाउंड. स्क्रूच्या भोकांत पाणी जाऊ देऊ नये, लाकूड फुगतं. सांडलेला ग्लू कापसाने पुसू नये, त्याने कापूस एकदम तापतो. थिनरचं काम खिडकी उघडून, गॅसपासून लांब.

ऋतूचंही बघायला हवं. इन्स्टंट ग्लू हवेतल्या दमटपणानेच घट्ट होतो, त्यामुळे पावसाळ्यात तो भराभर जमतो आणि कधी पांढुरका पडतो. लॅकर सुकताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरतं आणि दुधाळ डाग येतात. मलकापूर-नांदुऱ्याकडच्या मे महिन्यात उलट, फवारा लाकडावर पोचेपर्यंत सुकायला लागतो. दिवाळीनंतरचे कोरडे, थंड दिवस या कामाला उत्तम.

घरच्या हाताने बेसला किती मोठं काम करता येतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या बेसवादक जाको पास्टोरियसचं. आपल्या १९६२च्या ‘जॅझ बेस’चे पडदे गेल्यावर त्याने फिंगरबोर्डवर बोटींना लावतात ते इपॉक्सी चढवलं, म्हणजे धातूच्या तारांनी लाकूड खरवडणार नाही. त्या बेसचा गाता सूर जगभर ओळखला गेला.

जुन्या, मूळ रंगाच्या वाद्याला मात्र हात लावू नये. रंग बदललेल्या जुन्या गिटारची किंमत बरीच उतरते. आणि टवका मानेच्या जोडाजवळ असेल, त्याच्यापासून रेघ निघाली असेल, तर तारा सैल करून मान उतरवावी आणि खोबणीच्या आत बघावं. रेघ नुसत्या रंगात असेल तर ग्लूचा थेंब पुरे. ती लाकडातही दिसत असेल, तर ते काम वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं.