तळघरातले खलाशी

शिकारकथेचा वाचक बहुधा बंदुकीच्या दस्त्याच्या बाजूला बसलेला असतो. नळीसमोरच्या प्राण्याला काय वाटत असेल हा प्रश्न त्याला पडत नाही, कारण तो पडावा अशी लेखकाचीही इच्छा नसते. रिचर्ड कॉनेल या अमेरिकन कथाकाराने ही बैठकच उलटी करून पाहिली. त्याची ‘द मोस्ट डेंजरस गेम’ ही कथा १९२४च्या जानेवारीत ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली आणि पुढे अमेरिकेतील शालेय पाठ्यपुस्तकांत तिने असे ठाण मांडले की तेथील नववीच्या मुलांच्या कित्येक पिढ्या तिच्यावर वाद घालीत मोठ्या झाल्या.

रेन्सफोर्ड हा नामांकित शिकारी जग्वार मारण्यासाठी ॲमेझॉनकडे निघालेला असतो. रात्री जहाजावर गप्पा चालल्या असता, जनावरालाही भय कळत असेल असे त्याचा सोबती व्हिटनी सुचवतो. ते हसण्यावारी नेऊन रेन्सफोर्ड साऱ्या जगाचे शिकारी आणि सावज असे दोन वर्ग पाडून मोकळा होतो. त्यानंतर काही वेळातच तोंडातून निसटलेला पाइप सावरताना तो समुद्रात पडतो आणि पोहत एका बेटाला लागतो. तेथे क्रांतीनंतर रशियातून परागंदा झालेला जनरल झारॉफ हा कोसॅक उमराव एका प्रासादात राहत असतो. पशूंची शिकार त्याला आता नीरस वाटते, कारण पशूला उपजत बुद्धी असली तरी विचारशक्ती नसते. म्हणून खोट्या दिव्यांनी जहाजे खडकांवर आणून त्यांवरील खलाशांना तो सावज करतो. सावजाला अन्न, एक सुरी आणि तीन दिवसांची मुदत. नकार दिला तर चाबूकवाल्या आयव्हनच्या स्वाधीन. पाहुण्याने या खेळात सामील होण्याचे साफ नाकारल्यावर पाहुण्यालाच रानात सोडले जाते.

वर्गात ही कथा शिकवली जाते ती प्रथम रहस्याच्या बांधणीसाठी, आणि ते योग्यच आहे. पाण्यात पडलेल्या रेन्सफोर्डला अंधारातून एक किंकाळी ऐकू येते. हिमबिबट्यांच्या शिकारीवर ग्रंथ लिहिलेल्या या तज्ज्ञाला ती कोणत्या जनावराची हे काही ओळखता येत नाही. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यालगतच्या झाडीत त्याला चिरडलेले, एका जागी रक्ताने माखलेले गवत, उखडलेले शेवाळ आणि पॉइंट बावीसच्या बंदुकीचे एक रिकामे काडतूस सापडते. इतक्या मोठ्या जनावरावर इतक्या हलक्या हत्याराने चालून जाणारा शिकारी मोठा धाडसी असला पाहिजे, असा तो मनाशी कौतुकाचा निष्कर्ष काढतो. पुरावा सगळा हाती आहे, वाचन अचूक आहे, आणि तरीही ते सावज माणूस असेल ही शंका त्याला शिवत नाही. ती वाचकाला मात्र शिवते. लेखकाने खरे उत्कंठेचे बीज पेरले आहे ते या अंतरात. नंतरच्या पाठलागातले मलायी सापळे आणि ब्रह्मी खड्डे मला त्यापुढे हातचलाखीचेच वाटतात.

मग चर्चा नीतीकडे वळते. झारॉफ मद्याचा दर्दी, तलम वस्त्रांचा षौकी, रात्री निजण्यापूर्वी मार्कस ऑरेलियस वाचणारा; तेव्हा सुसंस्कृतपणा म्हणजे काय, हा प्रश्न मुले आपण होऊनच विचारतात. आपली कैफियत मांडताना तो पाहुण्याच्या महायुद्धातील अनुभवांचा दाखला देऊ पाहतो, आणि थंड डोक्याने केलेल्या खुनाचे समर्थन करायला युद्धाने मला शिकवले नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन रेन्सफोर्ड त्याचे तोंड बंद करतो. कॉनेल स्वतः त्या युद्धात सैनिक होता, आणि कथा छापली गेली तेव्हा युद्ध संपून सहा वर्षेही झाली नव्हती, हे मुलांना सांगितले तर वाद पुस्तकी राहत नाही.

सर्वांत कडाक्याचे भांडण होते ते शेवटच्या रात्रीवरून. कड्यावरून समुद्रात उडी घेतलेला रेन्सफोर्ड जनरलच्या शयनगृहात पडद्यामागून प्रकट होतो. जनरल त्याचे अभिनंदन करतो, खेळ तू जिंकलास म्हणतो, म्हणजे त्याच्याच कायद्याप्रमाणे फैसला झालेला असतो. तरीही रेन्सफोर्ड, मी अजून कोंडीत सापडलेले जनावरच आहे असे सांगून, त्याला लढायला उभे करतो, आणि पुढच्याच वाक्यात आपल्याला तो जनरलच्या बिछान्यावर सुखाने झोपलेला आढळतो. हे स्वसंरक्षण की सूड? एक पक्ष म्हणतो, त्या नराधमाच्या शब्दावर विसंबण्याइतके कोण खुळे असेल. दुसरा विचारतो, मग इतकी गाढ झोप कशी लागली? दोन्ही पक्षांना पुरेल इतका दारूगोळा कथेत आहे, आणि कॉनेलने तो जाणूनबुजून ठेवला आहे असे मी मानतो.

पण या वादात एक दस्तऐवज कोणी उघडीत नाही. जनरलच्या प्रासादाखाली तळघर आहे, त्याला तो आपली प्रशिक्षणशाळा म्हणतो, आणि खडकांवर फुटलेल्या ‘सान लुकार’ या स्पॅनिश गलबतावरची डझनभर माणसे तेथे ‘विद्यार्थी’ म्हणून, त्याच्या मते अगदी हलक्या प्रतीची, कोंडलेली आहेत. आपण कोणत्या माणसांची शिकार करतो याची यादी देताना त्याच्या ओठांवर पहिला शब्द येतो तो लास्करांचा. मराठी वाचकाने येथे थबकावे. लास्कर म्हणजे परदेशी आगबोटींवर राबणारे आशियाई खलाशी. त्यांत डेकवर काम करणारे कितीतरी कोकणातले, रत्नागिरीकडचे असत, आणि उतारूंच्या जेवणखाणाचा बंदोबस्त पाहणाऱ्यांत गोवेकर पुष्कळ असत. उत्तम जातीचा घोडा वा कुत्रा अशा वीसांहून मोलाचा, असे झारॉफ जेवणाच्या टेबलावर सांगतो.

रेन्सफोर्ड तेव्हा संतापतो खरा, पण विजयाच्या रात्री त्याला त्या तळघराची आठवण होत नाही. लेखकालाही झाली नसावी, कारण दार उघडल्याचे एकही वाक्य कथेत नाही. १९३२ साली या कथेवर निघालेल्या आणि ‘किंग काँग’च्या जंगलाच्याच नेपथ्यात चित्रित झालेल्या बोलपटाने एक नायिका पैदा करून सारा जीव तिच्या सुटकेत ओतला. नववीच्या वर्गात मी शिक्षक असतो तर रेन्सफोर्डच्या अपराधाचा निकाल मुलांकडून मागितला नसता; ‘सान लुकार’वरच्या एखाद्या खलाशाची, दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले किंवा उघडले नाही याबद्दलची, जबानी त्यांना लिहायला सांगितली असती, आणि ती कोणत्या बंदरातल्या कोणत्या अधिकाऱ्यासमोर द्यायची हे त्यांचे त्यांना ठरवू दिले असते.