वीज गेल्यानंतर संगणक सुरू होत नाहीं तेव्हां

पेण-रोह्याकडच्या लोकांस पावसाळ्यांत वीज जाणें हें नवीन नाहीं. वारा सुटून एखादी फांदी तारेवर पडली कीं घरांत अंधार होतो. ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां आपल्या रायगड जिल्ह्यांत असंख्य खांब मोडून पडले व कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत राहिलीं. वास्तविक कुंडलिकेच्या वरच्या खोऱ्यांत भिरा येथें १९२७ सालापासून मुळशीच्या पाण्यावर वीज निर्माण होत आली आहे. परंतु वीज आपल्या अंगणांत जन्मली, म्हणून ती घरांत अखंड राहील असें नाहीं. तिला तारांवरून यावें लागतें, आणि तारा झाडांमधून व डोंगरांवरून जातात.

पूर्वीं वीज परत आली म्हणजे कंदील मालवला कीं झालें. आतां मात्र दिवे लागतात, पंखा फिरूं लागतो, आणि संगणक तेवढा सुरू होत नाहीं. विद्यार्थ्याचा वर्षभराचा प्रकल्प, दुकानदाराचा हिशेब, पेणच्या मूर्तिकाराकडे आलेल्या मागण्यांची यादी, हें सर्व त्यांतच असतें. म्हणून घरांत एकच घाबरगुंडी उडते, आणि जो तो येऊन बटन दाबूं लागतो. विद्यार्थिमित्रांनो, आरंभींच एक गोष्ट मनांत ठेवा : यंत्र बाजारांत पुन्हां मिळतें, त्यांतील मजकूर बाजारांत मिळत नाहीं. तेव्हां आपली पहिली काळजी मजकुराची असावी.

आतां अशा वेळीं यंत्राच्या पोटांत काय घडतें तें पाहूं. आपल्या घरीं येणारी वीज २३० व्होल्टची असते. संगणकाच्या आंतील भागांस इतका दाब सोसत नाहीं; म्हणून त्यांत एक पेटी बसविलेली असते, ती या विजेपासून १२, ५ व ३.३ व्होल्टची वीज तयार करिते. वीज परत येतांना क्षणभर दाब फार चढला किंवा वारंवार खालींवर झाला, तर ही पेटी स्वतःच्या रक्षणासाठीं काम थांबविते. यंत्र मेल्यासारखें दिसतें, पण पुष्कळदां तें केवळ रुसलेलें असतें.

दुसरी गोष्ट मजकुराची. कारकून खतावणींत आंकडे मांडीत असतां कोणी दिवा मालवावा, तशी संगणकाची स्थिति होते. सुदैवानें हल्लींची व्यवस्था अशी आहे कीं, डिस्कच्या मांडणींत करावयाचा फेरफार आधीं एका रोजकीर्दींत टिपला जातो व मग खतावणींत जातो. वीज आल्यावर संगणक ती रोजकीर्द ताडून पाहतो आणि अर्धवट राहिलेली नोंद पुरी करितो किंवा रद्द करितो. यास वेळ लागतो, व तो वेळ त्यास दिला पाहिजे. मात्र जें लिखाण आपण साठविलेंच नव्हतें, तें बहुधा परत येत नाहीं.

उपाय करितांना बाहेरून आंत जावें, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. वैद्यानें चार औषधें एकदम दिलीं, तर गुण कशानें आला हें त्यालाही सांगतां येत नाहीं.

पुराचें किंवा पावसाचें पाणी यंत्रांत शिरलें असेल, अथवा जळका वास येत असेल, तर तें मुळींच सुरू करूं नये. प्लग काढून जाणत्या माणसाकडे न्यावें. तसें नसल्यास, वीज स्थिर होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटें थांबावें. मग त्याच प्लगाच्या जागीं मोबाईलचा चार्जर लावून तेथें वीज येते कीं नाहीं हें पाहावें. यूपीएस असेल, तर त्याची बॅटरी बराच वेळ वीज नसल्यामुळें रिकामी झालेली असूं शकते. म्हणून संगणक थेट भिंतीवरील प्लगास जोडून पाहावा. यंत्राच्या मागील बाजूस बहुधा एक लहान स्विच असतो. तो शून्याच्या चिन्हाकडे दाबला गेला असल्यास यंत्र बंदच राहतें.

इतकें करून जीव येत नसल्यास प्लग काढावा, आणि सुरू करण्याचें बटन अर्धा मिनिट दाबून धरावें. आंत राहिलेली थोडी वीज यानें निघून जाते. पांच मिनिटांनीं प्लग पुन्हां लावावा. रुसलेली पेटी कित्येकदां एवढ्यानेंच राजी होते. तरीही दिवा लागत नसेल व पंखा फिरत नसेल, तर पेटी बिघडली असण्याचा संभव आहे. ती पेटी घरीं कधींही उघडूं नये. प्लग काढल्यावरही तिच्यांत धोकादायक वीज सांचून राहते.

पंखा फिरतो पण पडदा काळा आहे, असें असेल तर पडद्याचा स्वतःचा प्लग व त्याची तार तपासावी. छापण्याचें यंत्र, पेन ड्राइव्ह इत्यादि सर्व जोडण्या काढून पाहावें. आंतून ‘बीप बीप’ असा आवाज येत असल्यास तो किती वेळां होतो हें कागदावर टिपून ठेवावें. दुरुस्ती करणारास त्यावरून दोष ओळखतां येतो.

तारीख चुकल्याची सूचना दिसली, तर घाबरण्याचें कारण नाहीं. घड्याळ चालविण्यासाठीं आंत नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी असते. ती संपली आहे इतकाच त्याचा अर्थ. ती थोड्या पैशांत मिळते. तोंवर तारीख दुरुस्त करावी, नाहीं तर इंटरनेटवरील पुष्कळ पानें उघडत नाहींत.

संगणक सुरू होऊन मध्येंच अडला, आणि डिस्क तपासली जात आहे असें पडद्यावर दिसलें, तर तास-दोन तास लागले तरी थांबावें. येथें पुन्हां पुन्हां बटन दाबणें म्हणजे कारकुनाच्या हातांतील लेखणी हिसकावणें होय. दुरुस्तीचें पान आलें, तर प्रथम आपोआप दुरुस्तीचा मार्ग घ्यावा. सर्व कांहीं पुसून नव्यानें आरंभ करण्याविषयीं विचारणा झाल्यास होकार देऊं नये. डिस्कमधून टकटक आवाज येऊं लागला, तर तेथेंच थांबावें. संगणक गेला म्हणजे डिस्क गेली असें नव्हे. पुष्कळदां ती काढून दुसऱ्या यंत्रास जोडतां येते व मजकूर उतरवून घेतां येतो.

पालकांस दोन शब्द. लहान यूपीएस घ्यावा. तो कांहीं मिनिटेंच पुरतो, पण काम साठवून यंत्र नीट बंद करण्यास तेवढीं बस आहेत. मेघगर्जना होऊं लागतांच प्लग काढावा; केवळ स्विच बंद करणें पुरेसें नाहीं. आणि यंत्र अडलें म्हणून मुलावर रागावूं नये. घाई झाली कीं जो मजकूर वांचला असता तोही जातो.

विद्यार्थ्यांनो, प्रयोगशाळेंत जी शिस्त तुम्हीं शिकतां तीच येथें उपयोगीं पडते : पाहावें, टिपावें, एक गोष्ट बदलावी, पुन्हां पाहावें. आणि आपल्या महत्त्वाच्या कामाची एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी. हें काम वीज असतांनाच करावयाचें आहे. म्हणून तें आज करावें.